जखम असेल त्यालाच खाट

पुण्यात सत्कार करायला माणूस मिळाला नाही असं आजवर झालेलं नाही. तरी मैनाला फोन आला तेव्हा तिला वाटलं, चुकून लागला असावा.

फोन कर्वेनगरच्या पुनर्वसन केंद्रातून होता. तिथले मानद चिटणीस श्यामसुंदर पटवर्धन हे बँकेतून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर जास्तच कामात बुडालेले गृहस्थ. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की मज्जारज्जूच्या दुखापतीवर पुण्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरते आहे, देशोदेशींचे डॉक्टर यायचेत, आणि घरच्या घरी उत्तम शुश्रूषा केल्याबद्दल त्या सर्वांसमोर आपला सत्कार करायचा आहे.

"माजा?"

"आपलाच. चुकीच्या नंबरवर मी फोन करत नाही."

मैनानं एकच गोष्ट विचारली. "तितं दातार बाई असतील का?"

"परिषद त्यांनीच भरवली आहे. त्या नसतील तर दुसरं कोण असेल?"

"मग येते," मैना म्हणाली.

पटवर्धनांना वाटलं, बाई हरखली. बाईला शाल नको होती की नारळ नको होता. तिला केंद्रातली एक खाट हवी होती, पंधरा दिवसांसाठी. स्वतःसाठी नव्हे, नवऱ्यासाठी. तो खाटेवर, आणि ती लोणी काळभोरला आपल्या घरात दार लावून झोपलेली. एवढंच चित्र ती गेलं वर्षभर मनात धरून होती. कुणाला परदेशवारीची स्वप्नं पडतात, मैनाला झोपेची पडत. तीही अर्धीच पडत, कारण मध्येच गजर व्हायचा.

माणसं एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि त्यात कुणाचं काही मोडत नाही. मैनाचा नवरा संभाजी मात्र लग्नानंतर वर्षाच्या आतच खऱ्या शेवग्याच्या झाडावर चढला. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आई, तुळजाबाई, खालून ओरडतही होती की आकडीनं काढ शेंगा. पण नवी बायको बघत होती ना! फांदी मोडली, संभाजी मानेवर आपटला, आणि छातीपासून खालचं शरीर त्याला कळेनासं झालं. हात खांद्यातून उचलत, कोपरात वाकत, पण बोटं मिटत नसत. जिभेला तेवढं काही झालं नव्हतं.

ज्या अंगाला काही कळत नाही ते अंग एका जागी पडून राहिलं तर आतून कुजत जातं. आधी लाल चट्टा, मग फोड, मग हाडापर्यंत भोक. डॉक्टर त्याला बेडसोर म्हणतात. त्यावर औषध एकच, ते होऊ न देणं. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्री, पावसात, दिवाळीत, स्वतःला ताप असताना. संभाजीबरोबर वॉर्डात असलेले कितीतरी जण घरी गेले आणि जखमा होऊन वारले. संभाजीच्या अंगावर एक तप उलटून गेलं तरी ओरखडा नव्हता. केंद्रातले डॉक्टर त्याची पाठ नव्या लोकांना बोलावून दाखवत.

सासूचे गुडघे गेलेले. दीर हिंदुराव रस्त्यापलीकडे वेगळा राहायचा आणि प्लॉट विकायचा. "वहिनी, काय लागलं तर सांगा," असं तो येताजाता म्हणायचा आणि तिनं तोंड उघडायच्या आत गाडी सुरू करायचा.

खाटेसाठी मैना याआधी दोनदा केंद्रात गेली होती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं होतं, "जखम आहे?" "न्हाई." "मग दाखल कशाला करायचं?" गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा गेली, तेव्हाही तेच. त्या दुसऱ्या खेपेची गोष्ट घरी कळली आणि संभाजी भडकला. "मला टाकायला निगालीस व्हय?" म्हणाला, आणि दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही. तुळजाबाईनं भरवलं तेव्हा जेवला. त्यानंतर मैनानं घरात तो विषय काढला नाही.

पण त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. पहाटेचा गजर झाला, तिनं तो बंद केला आणि ती उठली नाही. जागी होती. टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिली आणि तिच्या मनात आलं, जखम झाली की खाट मिळते. सकाळी संभाजीच्या माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा होता. तो मावळेपर्यंत, म्हणजे दुपार टळेपर्यंत, ती त्याला पालथा घालून शेजारी बसून राहिली. "आज काय बघत बसलीस?" त्यानं विचारलं. "काय न्हाई," ती म्हणाली. तेव्हापासून तिला स्वतःची भीती वाटायला लागली. या खेपेला खाट मिळाली नाही तर एक दिवस आपल्या हातून होऊ नये ते होईल, याची तिला खात्री होती. सत्काराच्या दिवशी नाही म्हणणं जड जातं, हा तिचा हिशेब होता.

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. हिंदुराव गाडी घेऊन स्वतः आला, कारण पेपरात फोटो येण्याचा संभव होता. हॉटेलात सगळं अगदी नीट योजलेलं होतं. चाकांच्या खुर्च्यांसाठी उतार, रुंद दारं, लिफ्टमध्ये हाताला येतील अशी बटणं. इतकी सोय पाहून संभाजी खूश झाला. "मैने, हितंच ऱ्हाऊ," तो म्हणाला.

सभागृहात गारवा होता आणि अंधार केला होता. व्यासपीठावर एक तरुण डॉक्टर इंग्रजीत भराभरा बोलत होता. कुठल्याशा देशात मज्जारज्जूत नव्या पेशी सोडून उंदीर चालायला लागले, एवढं शेजारच्या नर्सनं मैनाला मराठीत सांगितलं. उंदीर चालले हे ऐकून संभाजी म्हणाला, "त्येस्नी कुनी थांबवलं हुतं?" नर्सनं तोंडावर रुमाल धरला.

मग पडद्यावर एक पाठ आली. भिंतीएवढी, गव्हाळ, स्वच्छ. डाव्या खवाट्याखाली तीळ. मैनाला ती ओळखायला एक क्षणही लागला नाही. रोज तेल लावून, आरसा धरून, बोटांनी चाचपून जी पाठ तिनं पाहिली होती ती आता सगळं जग बघत होतं, आणि लोक चक्क टाळ्या वाजवत होते. तिला बरं वाटलं. नाही कशाला म्हणा, छाती भरून आली तिची. आयुष्यात तिनं केलेलं काम कुणाला दिसेल असं नव्हतंच. जे झालं नाही ते दाखवणार तरी कसं? ते असं दाखवतात, हे तिला आज कळलं.

"पिच्चरला लागली गं माजी पाठ," संभाजी कुजबुजला.

"गप बसा."

त्यानंतर काय झालं ते तिला कळलं नाही. गार हवा, अंधार, न कळणारी भाषा आणि मऊ खुर्ची. जागी झाली ती पटवर्धनांच्या आवाजानं.

"अहो ताई, परिषदेत झोपण्याचा मान डॉक्टरांचा असतो. चहाची सुट्टी झाली आहे."

ती धडपडत उठली. पहिल्यांदा तिनं संभाजीला पुढे ओणवं केलं. खुर्चीत बसलेल्यालाही तासातासानं असं वाकवून बुडावरचा भार हलवावा लागतो. मग त्याची खुर्ची बाहेर एका जाड खांबाशी लावली, चहाचा पेला पट्ट्यानं त्याच्या हाताला अडकवून दिला आणि ती डॉक्टर मंदाकिनी दातारांना शोधायला निघाली. त्या खांबाच्या पलीकडच्या बाजूलाच सापडल्या.

दातार बाई साठी उलटलेल्या. राहायला नारायण पेठेत आणि बोलणंही तिथलंच, मोजकं आणि धार लावलेलं. केंद्र त्यांनी उभं केलं होतं. सकाळपासून त्या बसल्या नव्हत्या, हे त्यांच्या घोट्यांवरून दिसत होतं. घोटे बघायची मैनाला सवयच लागली होती.

"बाई, ह्यांना पंदरा दिस ठिवून घ्या. पाया पडते मी."

"अगं, आज तू पाहुणी आहेस. पाया कसले पडतेस! काय झालंय त्याला?"

"त्येंना काय न्हाई झालं. मला झोप पायजे."

बाईंनी कप खाली ठेवला.

"मैना, माझ्याकडे खाटा मोजक्या. इंदापूरहून आलेला एक माणूस आजही केंद्राच्या व्हरांड्यात सतरंजीवर आहे. हाड दिसतंय त्याचं. त्याला काय सांगू? लोणीची एक बाई दमली आहे, तू थांब?"

"व्हय, पर मी बी…"

"दमलेल्यांना खाट द्यायची म्हटलं तर पहिली मीच आडवी होईन. तू इतकं चांगलं करतेस म्हणूनच तुला खाट नाही. वाईट आहे, पण आहे हे असं आहे."

"आन् जखम झाल्यावर घ्याल?"

"लगेच घेईन." बाई सवयीनं बोलून गेल्या, आणि मग त्यांनी मैनाच्या तोंडाकडे पाहिलं. "ए, असलं काही मनातसुद्धा आणू नकोस हं."

तेवढ्यात कुणीतरी पाहुण्यांच्या गाडीचं विचारत आलं आणि बाई गेल्या. मैना उभीच राहिली. बाईंचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. चुकलं असतं तर दोन शिव्या तरी मनात देता आल्या असत्या. हाड दिसणाऱ्या माणसावर कसं रागवायचं?

खांबाला वळसा घालून ती संभाजीकडे आली. त्याच्या हातातला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

"प्यायला न्हाई?"

"नगं," तो म्हणाला. एरवी हा माणूस एका शब्दावर थांबत नसे. पण तिच्या डोक्यात तिचंच चाललं होतं.

दुपारच्या सत्रात सत्कार झाला. संभाजीची खुर्ची उतारावरून व्यासपीठावर चढवली. पटवर्धनांनी मैनाबद्दल असं काही वाचून दाखवलं, की ही कोण सती म्हणून तिलाच प्रश्न पडला. नॉर्वेहून आलेल्या उंच, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी शाल घातली, नारळ दिला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. दातार बाईंनी ते मराठीत सांगितलं.

"त्या विचारताहेत, एवढी वर्षं एकही जखम नाही, याचं रहस्य काय?"

मैनासमोर माईक आला. ती म्हणाली, "काय न्हाई. झोपायचं न्हाई."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. सभागृह खळखळून हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, बाई विनोदी आहे. पहिल्या रांगेत हिंदुराव फोन उंच धरून फोटो काढत होता. पटवर्धनांनी माईक संभाजीच्या तोंडापुढं धरला. "आपणही दोन शब्द बोला. दोनच."

संभाजीनं घसा साफ केला.

"समद्यांस्नी नमस्कार," तो म्हणाला. "ह्यो फोटू दावला, त्यो जुना हाय. मला जखम झालीया. माकडहाडावर. आठ-धा दिस झालं."

कुणी हसलं नाही. मराठी न कळणारेही दातार बाईंच्या चेहऱ्याकडे पाहू लागले.

"हिच्याकडनं आता व्हत न्हाई," संभाजी पुढं म्हणाला. "रातची उठत न्हाई ती. मला भरती करून घ्या."

मैनाला वाटलं, आपल्याला ऐकू येतंय ते दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. सकाळीच तिनं त्याला आंघोळ घातली होती. कमरेखाली आरसा धरून, खिडकीच्या उजेडात, रोजच्यासारखं बोटानं दाबून दाबून पाहिलं होतं. लहान मुलाच्या अंगासारखं निर्मळ अंग. आणि हा माणूस, ज्याच्यासाठी बारा वर्षांत ती एकदाही माहेरी मुक्कामाला राहिली नव्हती, तो भर सभेत सांगतो की हिच्याकडनं होत नाही! हातातला नारळ त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं, अगदी खरंच वाटलं.

"मैना," दातार बाईंनी हळू विचारलं, "खरं आहे का हे?"

तिनं संभाजीकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. समोर कुठंतरी नजर लावून, जबडा आवळून बसला होता. शेवग्यावर चढताना आईचं ऐकायचं नाही म्हणून असाच जबडा आवळला होता त्यानं. मग तिला सायीचा चहा आठवला, तो खांब आठवला, आणि सगळं एकदम कळलं. बाई म्हणाल्या होत्या, जखमेला लगेच खाट. यानं ते ऐकलं होतं. जखम नव्हती, म्हणून त्यानं तोंडानं केली.

आता तिनं नाही म्हटलं तर शाल तिची, टाळ्या तिच्या, आणि रात्री गजर. हो म्हटलं तर पंधरा दिवसांची झोप, आणि जन्मभर हे सगळे लोक म्हणणार, की जिचा एवढा सत्कार केला त्या बाईनं नवऱ्याला कुजवलं. दोन्ही एकदम मिळायचं नव्हतं.

"हाय," मैना म्हणाली. "खरं हाय."

बाईंनी पाहुण्यांना इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. नॉर्वेच्या बाईंनी मैनाच्या खांद्यावर हात ठेवला, तो दया आल्यावर ठेवतात तसा. हिंदुरावानं फोन खाली घेतला. पटवर्धनांच्या हातात स्मृतिचिन्ह होतं, ते द्यावं की देऊ नये हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मेजावरच ठेवलं. "उद्या सकाळी केंद्रावर घेऊन ये," दातार बाई म्हणाल्या, "खाट देते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खूप दमल्या होत्या त्या.

बाहेर पोर्चमध्ये हिंदुराव म्हणाला, "वहिनी, सांगायचं तरी. मी हुतो की!" आणि गाडी आणायला गेला. मग दोघंच उरले. मैना खुर्चीचा ब्रेक लावून त्याच्यासमोर उभी राहिली.

"समद्या जगाम्होरं नाक कापलंत माजं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "एक चट्टा दावा माज्या हातचा. एक!"

"न्हाई दावता यायचा," संभाजी म्हणाला. "म्हनून तर खोटं बोलाय लागलं. तवा मी तुला लई बोललो, टाकाय निगालीस म्हनून. दोन दिस जेवलो न्हाई. तुला झोप पायजे हुती, एवढं बी माज्या टकुऱ्यात आलं न्हाई. आज खांबाआड बसून ऐकलं तवा आलं."

"आन् उद्या? उद्या त्या कापड सोडून बगतील. काय दावनार त्येस्नी?"

संभाजीनं एवढा पुढचा विचार केला नव्हता. बोलून मोकळं व्हायचं आणि निस्तरायचं दुसऱ्यानं, ही त्याची खोड जुनी. तो हॉटेलच्या फाटकाकडं बघत बसला. एक मोठी बस वळून आत आली, पाहुणे उतरले, बस निघून गेली.

"आज रातीला उठू नगंस," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"गजर लावू नगंस. मी उताना पडून ऱ्हातो तसाच. मला कुटं दुकतंय? सकाळपतुर व्हतंय की तयार." विरजण लावल्यासारखं सहज बोलला तो. "आजच्या रातीपास्नं झोप तू."

मैनाचे डोळे वाळले. उन्हाळ्यात त्या पहाटे जे तिच्या मनात आलं होतं, ज्याची भीती घेऊन ती इतके महिने वावरली, ते त्यानं असं उन्हात उघडं मांडलं होतं आणि वर तिच्याच पुढ्यात सरकवलं होतं. परवानगी ज्याची लागते त्याचीच मिळाली होती. आता फक्त झोपायचं होतं. आणि तिला स्पष्ट कळलं, की आपल्याकडून हे होणार नाही, आजही नाही आणि पुढंही नाही. स्वतःची भीती गेली याचा आनंद व्हायला हवा होता. पण आता सुटकेची कुठलीच वाट उरली नाही हेही त्यातच कळलं.

वेळ झालीच होती. तिनं त्याच्या काखांखालून हात घातले, त्याला पुढं ओणवं केलं आणि त्याचा सगळा भार आपल्या खांद्यावर घेतला. त्याची हनुवटी तिच्या मानेवर टेकली.

"उद्या जाऊन बाईस्नी खरं सांगायचं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "शिव्या देतील, देऊ देत. ती खाट इंदापूरवाल्याची हाय, त्येला जाऊ द्या."

"आन् तुजी झोप?"

"नंबर लागंस्तवर तितं बाकड्यावर बसवत्यातच. तितं झोपीन जरा. येळ झाली की तुमी हाक मारा."

"मारतो की," संभाजी म्हणाला.

तो मारणार नाही, तिला झोपू देईल, हे मैनाला ठाऊक होतं. म्हणजे तिथंही जागंच राहायला हवं होतं.